सोडा मशीन घेण्याआधी रिकाम्या बाटल्या मोजा
घरी सोडा बनवायचं मशीन घ्यावं की नको यात अडकला असाल तर मशीनची किंमत बाजूला ठेवा, खरा खर्च मशीनमध्ये बसणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसच्या छोट्या सिलिंडरचा असतो.

१. दोन आठवडे विकतच्या सोड्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नका, ओट्याखाली ठेवा, मग मोजून किती लिटर सोडा लागतो ते काढा.
२. सिलिंडर रिफिल कुठे आणि केवढ्याला ते विचारा. त्यावर ६० लिटर सोडा होईल असं लिहिलेलं असलं तरी झणझणीत सोडा हवा म्हणून आपण बटण जास्तच दाबतो, त्यामुळे ४० लिटरच धरा आणि रिफिलच्या किमतीला ४० ने भागा; येईल तो लिटरमागचा खर्च विकतच्या सोड्याशी ताडून पाहा.
३. रिफिल जवळपास नसेल तर विषयच संपला.

घेतलंच तर गार पाणी वापरा, गॅस चांगला मुरतो. आणि सरबत नंतरच घाला, आधी घातलं तर फसफसून अख्खा ओटा चिकट होतो (मी करून बसलोय).