गाडी तापते? घाटाच्या आदल्या शनिवारची तयारी

जुनी जीप तापायला लागली की पार्किंगमधला प्रत्येक जाणकार एकच सल्ला देतो: रेडिएटर बदला. मी बदलला. खिसा हलका झाला आणि तापमानाचा काटा होता तिथंच राहिला. दोष निघाला टोपीत, रेडिएटरच्या टोपीत. तेव्हापासून माळशेजला जायचं ठरलं की आदल्या आठवड्यात पान्याआधी वही काढतो.

वहीत लिहायचं ते एवढंच, की गाडी नेमकी कधी तापते. त्यासाठी आठवड्यात दोन फेऱ्या मारून ठेवा. एक संध्याकाळी घोडबंदर रोडला, गायमुखच्या चढावर ट्रकच्या मागे रांगत. दुसरी पहाटे, रस्ता मोकळा असताना, पूर्व द्रुतगती महामार्गावर एकसारख्या वेगाने. रांगताना काटा चढला आणि मोकळ्यावर उतरला, तर वारा कमी पडतोय. पंखा, त्याचा बेल्ट आणि पंख्याभोवतीचं कडं बघा. हे कडं अनेक जीपांना नसतंच, कधीतरी कुणीतरी काढून भंगारात दिलेलं असतं. उलट वेगात तापली, तर वारा भरपूर आहे पण पाणी फिरत नाहीये. मग रेडिएटरच्या नळ्या तुंबल्यात, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अर्धाच उघडतोय किंवा खालचा होज, म्हणजे रबरी नळी, पंपाच्या ओढीने आत चेपतोय. गार इंजिन सुरू करून पाच मिनिटांत पाणी उसळायला लागलं, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीचा) संशय घ्यावा आणि घाट विसरावा.

काटा खरं बोलतोय का, हेही याच फेऱ्यांत कळतं. हेडलाइट लावल्याबरोबर काटा उडी मारत असेल तर तापलंय ते इंजिन नाही, अर्थिंग सडलंय. खाडीच्या हवेत हे फार होतं. तापमान मोजायची बंदूक मिळाली तर उत्तम, पण चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावा. रेडिएटरच्या जाळीवर आडवीउभी फिरवली आणि मध्येच गार पट्टा सापडला, की तिथल्या नळ्या बंद आहेत असं समजा.

शनिवारी सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनावरच हात घाला. गरम टोपी उघडून हात भाजून घेतलेले लोक मी पाहिलेत, तेही अनुभवी. जवळ परात, चिंध्या, टॉर्च, कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा द्रव), डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, दोन जादा होज क्लिप, थर्मोस्टॅटचं नवं गॅस्केट आणि घरातलं टाकाऊ पातेलं असू द्या. परात विसरू नका. कूलंट गोडसर असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आधी टोपी, कारण ती सर्वांत स्वस्त. तिच्यावरचा दाबाचा आकडा गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. ०.९ बारची टोपी नीट धरत असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं; रबर कडक झालं असेल तर १०० वरच. मधली छोटी झडप चिकटली असेल, तर गार होताना रेडिएटरशेजारच्या बाटलीतलं पाणी परत येत नाही आणि होज चपटा होतो. ही खूण दिसली की पुढचा निम्मा तपास वाचतो.

मग थर्मोस्टॅट. आमच्या मिस्त्रीने तो न विचारता काढून फेकला होता, "आपल्याकडे गरमीत कशाला हवा" म्हणून. तो नसला की इंजिन नेहमी गार धावतं, झिजतं, आणि ज्या इंजिनांत तोच बायपास (रेडिएटर टाळून जाणारी वाट) बंद करतो तिथं काही पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं. म्हणजे तापू नये म्हणून काढलेला भागच तापवतो. तपासायला तो दोऱ्याने बांधून, पाणी तापत ठेवलेल्या पातेल्यात टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या आकड्याला, बहुधा ८२ अंश, उघडायला लागला पाहिजे.

बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, वॉटर पंपाखालच्या बारीक भोकातून पाझर आहे का पाहा. पावसाळ्यात मुरबाडकडच्या शेतातून फिरून आला असाल तर जाळीत वाळलेला चिखल असणारच. तो इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या पाइपने धुवा. सर्व्हिसिंगचा जोराचा फवारा पात्या वाकवतो. पुढे लावलेले जादा दिवे आणि विंचही (अडकलेली गाडी ओढायची चरखी) वारा अडवतात, हे शौकिनांना पटत नाही. ब्रेक धरून राहिला तरी इंजिनावर भार पडतो; फेरीहून आल्यावर एखादं चाक जास्त तापलंय का, तेही हात जवळ नेऊन बघा.

एवढं करूनही पाणी कमी होत असेल तर गॅरेजमध्ये रसायनाची चाचणी मागा. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर निळ्या द्रवाचा रंग बदलतो. तेलाच्या झाकणाखालची पांढरी साय, म्हणजे तेलात मिसळलेलं पाणी, तेवढीच पाहून घाबरू नका, पावसात छोट्या फेऱ्यांनीही ती जमते. तेल मोजायच्या डिपस्टिकवर असेल तर मात्र घाबरा.

कूलंट भरताना गाडीचं नाक चढाला ठेवा, सोसायटीचा रॅम्प चालतो, म्हणजे हवा वर येऊन निघते. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नको, त्यातले क्षारच नळ्या बुजवतात. रविवारी पहाटे, गाडी गार असतानाच, पातळी पुन्हा बघून निघा. टोकावड्याला चहाला थांबलात की टोपीला हात न लावता काटा कुठं आहे तेवढं वहीत लिहा. घाट पुढेच आहे.