विस्मृत बेसबॉल विक्रमांवर बिनतोड प्रश्न कसा तयार करावा

‘मेजर लीग बेसबॉलमध्ये कारकिर्दीची सर्वोच्च बॅटिंग सरासरी कोणाची?’ हा प्रश्न वरवर निर्दोष दिसतो. (बॅटिंग सरासरी म्हणजे हिट भागिले अ‍ॅट-बॅट.) परंतु जाणकारांच्या प्रश्नमंजुषेत तो विचारला, तर तीन वेगवेगळी उत्तरे येऊ शकतात आणि तिन्हींना आधार असतो. जुन्या पुस्तकांवर वाढलेला स्पर्धक टाय कॉबचे नाव घेईल. मे २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगांची (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगांची) आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत सामावून घेतली आणि .३७२ सरासरीच्या जॉश गिब्सनने कॉबला मागे टाकले, हे ज्याला ठाऊक आहे तो गिब्सन म्हणेल. तिसरा स्पर्धक जॉन पाचोरेक असे उत्तर देईल, आणि त्यालाही चूक ठरवणे कठीण आहे. ह्यूस्टनच्या संघाकडून २९ सप्टेंबर १९६३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, पाचोरेक न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध खेळला. तीन अ‍ॅट-बॅटमध्ये (सरासरीत धरल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या संधींत) त्याने तीन हिट (चेंडू टोलवून सुरक्षितपणे बेस गाठणे) मारले, दोन वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा पहिला बेस) मिळवले आणि चार धावा केल्या. पुढे पाठीच्या दुखण्यामुळे त्याला मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळता आले नाही. वॉक सरासरीत मोजले जात नाहीत, त्यामुळे त्याची सरासरी कायमची १.००० राहिली.

म्हणून सरासरीवरील प्रश्न लिहिताना किमान अ‍ॅट-बॅटची अट प्रश्नातच घालावी. ती उत्तरपत्रिकेत लपवून ठेवू नये. पाच हजार अ‍ॅट-बॅटची अट घातली की कॉब पुन्हा वर येतो. पाचोरेकच हवा असेल, तर सरासरी विचारूच नये. ‘एकच सामना खेळून तीनपैकी तीन हिट मारणारा खेळाडू कोण?’ असे सरळ विचारावे.

दुसरी काळजी व्याख्येची आहे, आणि बहुतेक प्रश्नकर्ते नेमके येथेच घसरतात. २६ मे १९५९ रोजी पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर (चेंडू फेकणारा) हार्वे हॅडिक्सने मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या सलग ३६ बॅटरना बाद केले, म्हणजे बारा इनिंग एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू दिले नाही. दुर्दैवाने त्याच्या संघालाही समोरच्या ल्यू बर्डेटविरुद्ध एकही धाव करता आली नव्हती. तेराव्या इनिंगमध्ये डॉन होकच्या चुकीमुळे फेलिक्स मँटिला पहिल्या बेसवर पोहोचला, एडी मॅथ्यूजच्या बंटवर (बॅटने हळूच ढकललेल्या चेंडूवर) तो पुढे सरकला, हँक आरनला मुद्दाम वॉक देण्यात आला आणि जो अ‍ॅडकॉकने चेंडू कुंपणापार टोलवला. त्यातही गोंधळ झाला: आरन वाट सोडून निघून गेला, अ‍ॅडकॉकने त्याला ओलांडले, आणि म्हणून होमरनऐवजी डबलची (दोन बेसच्या हिटची) नोंद होऊन सामना १-० असा संपला. अनेक वर्षे ही कामगिरी परफेक्ट गेमच्या (एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देणाऱ्या सामन्यांच्या) यादीत होती. परफेक्ट गेम हा नो-हिटरचाच एक प्रकार, आणि १९९१ मध्ये नो-हिटरची व्याख्या बदलली. किमान नऊ इनिंगचा सामना एकाही हिटविना पूर्ण संपला पाहिजे, असे ठरले आणि हॅडिक्स यादीबाहेर गेला. पुण्यात १९४८ साली नाबाद ४४३ वर असताना काठियावाडच्या संघाने मैदान सोडल्यामुळे ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम भाऊसाहेब निंबाळकरांच्या हातून निसटला, याची हळहळ ज्यांना अजून वाटते, त्यांना हॅडिक्सचे दुःख वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच बदलाने एर्नी शोअरचाही परफेक्ट गेम गेला. २३ जून १९१७ रोजी बोस्टनचा पिचर बेब रूथ याने पहिल्याच बॅटरला वॉक दिला, अंपायरशी वाद घातला आणि त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. शोअर आत आला, बेसवरचा खेळाडू पुढचा बेस चोरण्याच्या प्रयत्नात बाद झाला आणि पुढचे सगळे २६ बॅटर शोअरने परतवले. आज त्याची गणना दोघांच्या संयुक्त नो-हिटरमध्ये होते. अशा प्रश्नात ‘१९९१ च्या व्याख्येपूर्वी’ किंवा ‘सध्याच्या व्याख्येनुसार’ हे शब्द असलेच पाहिजेत.

आकडे मागाहून दुरुस्त होतात, हेही विसरू नये. हॅक विल्सनच्या १९३० च्या हंगामातील १९० आरबीआय (बॅटरच्या खेळामुळे संघाला मिळालेल्या धावा) अनेक दशके पाठ केले जात होते. त्याची एक आरबीआय चुकून सहकारी चार्ली ग्रिमच्या नावावर लागल्याचे संशोधकांनी दाखवले आणि १९९९ मध्ये आकडा १९१ झाला. कॉबच्या बाबतीत प्रकरण अधिक चमत्कारिक आहे. १९१० मधील एक सामना त्याच्या खात्यात दोनदा धरला गेल्याचे पुढे उघडकीस आले. त्यानुसार त्याचे हिट ४१९१ नसून ४१८९ ठरतात. पीट रोझने ११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटीत आपला ४१९२ वा हिट मारला तेव्हा विक्रम मोडल्याचा सोहळा झाला, पण दुरुस्त आकडा मानला तर तो विक्रम तीन दिवस आधी शिकागोतच मोडला होता. असा प्रश्न विचारायचा असल्यास दोन्ही आकडे हाताशी ठेवावेत आणि कोणता धरला आहे ते स्पष्ट सांगावे.

पडताळणीसाठी संकलित याद्यांवर विसंबू नये, कारण एका यादीतील चूक दुसरीत जशीच्या तशी उतरते. १९८९ पासून जुन्या सामन्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या ‘रेट्रोशीट’वर त्या दिवसाचा बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) शोधून आकडे स्वतः मोजावेत.

सर्वांत बुटक्या खेळाडूचा, म्हणजे तीन फूट सात इंच उंचीच्या एडी गेडेलचा, प्रश्न आता इतका झिजला आहे की तो विचारूच नये असे माझे मत आहे. फार तर १९ ऑगस्ट १९५१ रोजी त्याला चार चेंडूंत वॉक देणारा पिचर विचारावा. त्याचे नाव बॉब केन. पाठांतराने नव्हे, तर विचार करून सुटणारा प्रश्न मात्र जपून ठेवावा. चीफ विल्सनने १९१२ मध्ये ३६ ट्रिपल (तीन बेसचे हिट) मारले, पण इतर कोणत्याही हंगामात तो १४ च्या पुढे गेला नाही. ही जोड दिली की खेळाडूचे नाव न आठवणाराही त्याच्या पिट्सबर्गच्या संघाच्या प्रशस्त, म्हणून ट्रिपलला सोयीच्या, फोर्ब्स फील्ड मैदानापर्यंत पोहोचू शकतो.

माझा सर्वांत आवडता प्रश्न जोएल यंगब्लडचा आहे. ४ ऑगस्ट १९८२ रोजी त्याने मेट्सकडून शिकागोत फर्ग्युसन जेन्किन्सविरुद्ध हिट मारला, त्याच दुपारी त्याची माँट्रियल एक्स्पोजकडे बदली झाली, आणि रात्री फिलाडेल्फियात त्याने नव्या संघाकडून स्टीव्ह कार्लटनविरुद्ध हिट मारला. दोन्ही पिचर पुढे हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मानयादीत) गेले. प्रश्न असा मांडावा: ‘एकाच दिवशी दोन शहरांत दोन संघांकडून हिट मारणे ज्या मैदानामुळे शक्य झाले, ते मैदान कोणते आणि का?’ उत्तर शिकागोचे रिग्ली फील्ड, कारण १९८८ पर्यंत तेथे दिवेच नव्हते आणि सामने दुपारीच होत.