डॅशकॅमचं फुटेज वेळेवर हाताशी असू द्या

अपघात झाला की दोन्ही ड्रायव्हर छातीठोकपणे सांगतात, ‘सिग्नल माझाच होता.’ साक्षीदार पांगतात, उरतो तो शब्दाला शब्द. म्हणून बरेच जण डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता सतत टिपणारा कॅमेरा, गाडीत लावतात. कोणी मुद्दाम ब्रेक मारून मागच्याकडून भरपाई उकळायला बघत असेल, तर पुढच्या काचेवरचा कॅमेरा तेही टिपतो.

पण नुसता कॅमेरा लावून भागत नाही. त्याचं रेकॉर्डिंग गोल फिरतं: मेमरी कार्ड भरलं की सगळ्यात जुनी क्लिप पुसून नवी तिच्या जागी बसते. जोराचा धक्का बसला तर धक्का ओळखणारा जी-सेन्सर ती क्लिप लॉक करतो, म्हणजे पुसू देत नाही; मात्र हलक्या घासाघाशीत तो गप्पच राहतो. तेव्हा काही घडलं की लॉकचं बटण स्वतः दाबा, गाडी सुरक्षित उभी केल्यावर कार्ड काढून घ्या आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. क्लिप काटछाट केलेली असेल, तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. तारीख-वेळही अधूनमधून तपासा. घड्याळ चुकलेलं असेल तर चांगला पुरावाही लंगडा पडतो.

आणि हो, कॅमेरा तुमचाही मुलाहिजा ठेवत नाही. जीपीएस चालू असेल तर तुमचा वेगही त्यात उमटतो. गाडीतलं बोलणं रेकॉर्ड करण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे गरज नसेल तर माइक बंदच ठेवा. क्लिप सोशल मीडियावर टाकण्याची घाई नको. आधी पोलीस आणि विमा कंपनी.