दुखेपर्यंत थांबू नका : मुलांच्या दातांबाबत आपण करतो त्या चुका

आमच्या बालवाडीत डबे उघडले की मी मुलांच्या तोंडांकडे बघत बसते. कोण काय खातं यापेक्षा कसं खातं, हे बघायची सवयच लागली आहे. चार वर्षांचा एक मुलगा डब्यात पोयी, म्हणजे आपला गोव्याचा गव्हाच्या कोंड्याचा पाव, आणि भाजी आणायचा. पोयीचा आतला मऊ भाग भाजीत बुडवून खायचा, कडा मात्र तशाच ठेवायचा. आई म्हणायची, "बाई, खाण्याची नाटकं भारी ह्याची." एक दिवस मी त्याला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि आ करायला सांगितलं. खालच्या दाढांत दोन्ही बाजूंना तपकिरी खड्डे होते. चावताना दुखायचं म्हणून तो मऊ तेवढंच खात होता. दात दुखतो हे त्याला सांगताच येत नव्हतं, कारण न दुखणारा दात कसा असतो हे त्याला कुठे ठाऊक होतं!

लहान मुलं दातदुखी बोलून दाखवत नाहीत. ती एकाच बाजूने चावतात, थंड पाणी नको म्हणतात, घास गालात धरून ठेवतात, रात्री किरकिरतात. आणि आपण मात्र "दुखतंय" म्हणायची वाट बघत राहतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, कारण दुखायला लागेपर्यंत कीड आत खोल पोचलेली असते.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझ्या थोरल्याच्या बाबतीत मी हेच केलं. तो दीड वर्षाचा असताना वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी एक पांढरी रेघ दिसली होती. मला वाटलं, दूध चिकटलं असेल. पदराने पुसली, गेली नाही, आणि मी विसरून गेले. रात्री तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली घेऊन तो झोपायचा. तीन वर्षांचा होईतो ते चारही दात तपकिरी होऊन झिजले. ज्या दवाखान्यात नेलं तिथे ऐकायला मिळालं, "दुधाचेच आहेत, पडतील आपोआप." आम्हीही निर्धास्त झालो. पुढे एका रात्री ताप चढला, ओठ सुजला, हिरडीवर पुळी आली. शेवटी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांच्या विभागात नेलं आणि त्यातले दोन दात काढावे लागले. नवे दात यायला त्याचं सातवं वर्ष उजाडलं. तोवर शाळेच्या प्रत्येक फोटोत तो ओठ मिटून उभा आहे.

ती पांढरी रेघ म्हणजे किडीची पहिली खूण होती. त्या वेळी नेलं असतं तर फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दात बळकट करणारा लेप, लावून आणि बाटली सोडवून तिथल्या तिथे थांबवता आलं असतं. म्हणून आता प्रत्येक आईला सांगते : महिन्यातून एकदा मुलाला मांडीवर आडवं घ्या, तोंड खिडकीच्या उजेडाकडे करा आणि वरचा ओठ अलगद उचलून बघा. नुसतं हसताना दिसतं तेवढं बघून भागत नाही, हिरडीची कड दिसली पाहिजे. बाटलीची कीड वरच्या पुढच्या चार दातांपासून सुरू होते. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळ सांभाळते, त्यामुळे ते बरेचदा चांगले राहतात आणि आपली फसगत होते.

"दुधाचेच तर दात!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की उत्तर पाठ झालं आहे. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो, तीन वर्षांपर्यंत वीस पुरे होतात. त्यातले पुढचे सहा-सात वर्षांचं असताना पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे पाचवी-सातवीपर्यंत मूल त्याच दाढांनी जेवणार. एखादी आधीच काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. मग खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही आणि तो वाकडा येतो. दुधाच्या दाताचं मूळ किडून पू झाला, तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते.

याच समजुतीतून आणखी एक घोळ होतो. सहाव्या वर्षाच्या आसपास, मूल पहिलीत असताना, सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्या जागी आधी कुठलाही दात पडलेला नसतो, म्हणून आई-वडील तिला दुधाचीच समजतात. ती पक्की दाढ असते आणि जन्मभर पुरवायची असते. तिच्यावर खोल खाचा असतात, अन्न अडकतं, ब्रश तिथवर पोचत नाही आणि ती आल्याआल्याच किडू शकते. ती वर आली की दंतवैद्याला दाखवा आणि खाचा बुजवणारं सीलंट लावायचं का, ते विचारा. त्याला भूल लागत नाही, दुखतही नाही.

रात्रीची बाटली, मध आणि गोड औषध

झोपेत लाळ कमी होते. लाळ म्हणजे दात धुणारं पाणीच, ते आटलं की तोंडातली साखर रात्रभर दातांवर बसते. म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशपेक्षा महत्त्वाचा, आणि आपल्या घरांत नेमका तोच होत नाही. ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नको. बाटली एकदम तोडणं जमत नसेल तर आधी साखर बंद करा, मग दर दोन-तीन दिवसांनी दुधात पाणी वाढवत न्या. आठ-दहा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी उरतं आणि बहुतेक मुलं ती स्वतःच सोडून देतात.

अंगावरचं दूध बंद करा असं मी म्हणत नाही, ते दोन वर्षांपर्यंत द्यावं. मात्र दात आल्यावर झोपण्याआधी दात पुसायचे किंवा घासायचे.

चोखणीला मध लावून देणारी आजी प्रेमानेच देते, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. त्यातून होणाऱ्या विषबाधेची भीती दातांच्या भीतीहून मोठी आहे. खोकल्याचं औषधही गोड असतं, ते पाजल्यावर घोटभर पाणी द्या.

खाण्याबाबत सांगायचं तर चवथीच्या नेवऱ्या आणि जत्रेतलं खाजं मुलांना जरूर द्या. आपल्या सणांतून गोड काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. पण खाज्याची पुडी घरी येते आणि मूल आठवडाभर येता-जाता एकेक कांडी चघळत राहतं, तिथे बिघडतं. गोड तोंडात गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात आणि पुढचा साधारण अर्धा तास दातावर त्याचा मारा चालू राहतो. दिवसातून दहा वेळा एकेक कांडी म्हणजे दहा मारे. तेच जेवणासोबत एकदाच खाल्लं तर एकच. चहात बुडवलेलं बिस्किट तर लगदा होऊन दाढेत बसतं, आणि ते कुणी गोडात मोजतही नाही.

पेस्ट आणि ब्रश

पहिला दात दिसला की ब्रश सुरू. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे कच्च्या दाण्याएवढी, शिजलेल्या उकड्याच्या शिताएवढी नव्हे. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर पेस्ट मुलांसाठी नाही. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं किंवा फारच कमी असतं, म्हणून चित्र न बघता बारीक अक्षरं वाचा. साधारण १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग, फ्लोराइड हवं. घासून झालं की थुंकायला लावा, खळाखळा चुळा भरायला नको, नाहीतर फ्लोराइड लगेच धुऊन जातं.

पाच वर्षांचं मूल "मी घासले" म्हणतं तेव्हा त्याने पुढचेच घासलेले असतात. स्वतः शर्टाची बटणं लावता येणं आणि दाढांच्या मागे ब्रश फिरवणं यांत फार फरक आहे. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात तुमचाच हवा.

आणि मशेरी. आपल्याकडे काही घरांत अजून ती आहे, आजीच्या बोटावरून नातवाच्या हिरडीवर जाते. ती भाजलेली तंबाखू आहे. केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी केली. हिरडी बधिर होते म्हणून बरं वाटतं, पण मुलाला तंबाखूची सवय तिथूनच लागते.

अडलं तर काय करायचं

मूल तोंडच उघडत नसेल तर समोर उभं राहून झटापट करू नका. फरशीवर मांडी घालून बसा, त्याचं डोकं मांडीवर घ्या आणि वरून घासा. तुम्हाला सगळं दिसतं, त्याची मान स्थिर राहते. आधी अर्धा मिनिट ब्रश त्याच्याच हातात द्या. उमासे येत असतील तर पेस्ट कमी करा आणि दाढांपासून न सुरू करता पुढून मागे जा.

घासताना हिरडीतून रक्त आलं म्हणून घासणं थांबवू नका. बहुतेक वेळा ते साचलेल्या मळामुळे येतं, आणि नीट घासल्यावर काही दिवसांत थांबतं. थांबलं नाही तर दाखवा.

दात येताना ताप-जुलाब होणारच, असं धरून बसू नका. चिडचिड, लाळ, थोडी कणकण इतपत ठीक. जोराचा ताप किंवा जुलाब असतील तर बाळाच्या डॉक्टरांकडे जा, कारण दुसरं असतं. दोन वर्षांखालच्या मुलांना हिरडी बधिर करणारी जेल लावू नका.

खाली दुधाच्या दातांमागे नवे दात दिसू लागले, दोन रांगा झाल्या, तर घाबरू नका. पुढचा हलत असेल तर त्याला हलवत राहू द्या. दोन-तीन महिने होऊनही ढिम्म असेल तर दाखवा.

दुखरी दाढ अचानक दुखायची थांबली तर ती बरी झाली असं समजू नका. आतली शीर मेली की वेदना थांबते, पण पू आत वाढत राहतो. हिरडीवरची पुळी फुटून आराम पडला तरी तेच. गाल सुजला, ताप आला, गिळायला त्रास व्हायला लागला किंवा सूज डोळ्याकडे चढली, तर त्याच दिवशी निघा. लवंगेचं तेल किंवा दुखण्यावरची गोळी हिरडीवर ठेवू नका, कोवळी कातडी भाजते.

आणि कृपा करून "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं सांगू नका. पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आत, काही दुखत नसतानाच व्हावी. खुर्चीवर बसायचं, आरशाने दात मोजून घ्यायचे, संपलं. माझ्या धाकटीला आम्ही अकराव्या महिन्यात नेलं होतं. तिच्या तोंडात तेव्हा चारच दात होते आणि डॉक्टरांनी ते मोठ्याने मोजले. आता ती सात वर्षांची आहे, मागच्या चारही दाढांना सीलंट लावून झालं आहे. पोयी ती कडेपासून खायला सुरुवात करते.