आई एकवीरा प्रसन्न, पण पळत्या अक्षरांत

रेडियम कटिंगच्या, म्हणजे गाड्यांवर चिकटवायची अक्षरं कापण्याच्या धंद्यात गिऱ्हाईक फाँटचं नाव कधी सांगत नाही. "अक्षर पळताना दिसलं पाहिजे," एवढंच म्हणतं. मग बरेच जण तयार फाँट कोरलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उजवीकडे ढकलतात आणि प्लॉटरला, म्हणजे कापायच्या मशीनला लावतात. मीही सुरुवातीला तेच करायचो.

आता आधी चौकटीच्या कागदावर सरळच काढतो. शिरोरेषेपासून खालपर्यंत १० चौकटी, काना अडीच चौकटी जाड, शिरोरेषा दोन. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा एका चौकटीच्या खाली जाऊ देत नाही, नाहीतर लांबून नुसता डाग दिसतो. गोलाई काढून तिथे तिरका छेद द्यायचा, आणि सगळे छेद एकाच कोनात. फक्त 'ध' आणि 'घ' सांभाळा. 'ध'ची वरची गाठ चौकोनी करून शिरोरेषेला चिकटवली, तर 'धनश्री'ची 'घनश्री' होते. माझी झाली होती. अख्खी काच खरवडून पुन्हा लावावी लागली.

मग तिरकं करा. १० चौकटी उंचीला दोन चौकटी सरक, म्हणजे साधारण ११ अंश, पुरे.

खरं काम यानंतरचं. ढकलताना रेघेची आडवी रुंदी तीच राहते, पण जी रेघ जास्त कलते तिची जाडी घटते. 'आई एकवीरा प्रसन्न' लिहून बघा. 'प्र'ची रेघ आधीच उजवीकडे कललेली, ती आणखी आडवी होऊन बारीक पडते. उलट 'रा'तल्या 'र'चा पाय डावीकडे कललेला असतो, तो उभा होऊन सुजतो. या दोन्ही रेघा कोरलमध्ये हाताने दुरुस्त करा, नोड, म्हणजे रेघेवरचे ठिपके धरून.

कटिंगआधी अख्खा शब्द वेल्ड करायला, म्हणजे सगळी अक्षरं जोडून एकच आकार करायला विसरू नका. नाहीतर अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथे शिरोरेषेतून सुरी फिरते. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक टोकं छाटून टाका. भोवतालचं रेडियम सोलताना तीच पहिली उचकटतात.

हे अक्षर एका ओळीपुरतंच. खालचा फोन नंबर सरळ, साध्या अक्षरात. नंबरप्लेटवर तर नाहीच. इंग्रजी 8055 चं 'BOSS' करून मागणाऱ्याला मी हात जोडतो.

आणि गाडीची बाजू बघा. उजव्या अंगाला गाडीचं तोंड बघणाऱ्याच्या उजवीकडे असतं, तिथे अक्षर गाडीबरोबर पळतं. डाव्या अंगाला तेच अक्षर मागे रेलून ब्रेक मारल्यासारखं दिसतं. तिथे मी कागदावरचं सरळ अक्षरच कापतो. एका टेम्पोवाल्याने दोन्हीकडे तिरकंच हवं म्हणून हट्ट धरला. आठवड्याने डावी बाजू बदलायला आला.