न्यूज कॅश सर्व्हर लॉगिन नाकारतोय? आधी नेमकं कोण नाकारतंय ते बघा

न्यूज कॅश सर्व्हर म्हणजे यूजनेट चर्चागटांमधले लेख मूळ न्यूज सर्व्हरवरून आणून जवळ साठवणारा सर्व्हर. त्याच्यावर लॉगिन दोनदा होतं: वाचकाचा प्रोग्राम कॅशकडे आणि कॅश मूळ न्यूज सर्व्हरकडे. दोन्हींचे यूजरनेम-पासवर्ड वेगळे असतात आणि गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. म्हणून सेटिंग बदलत बसण्याआधी टेलनेटने (हाताने कमांड टाइप करून सर्व्हरशी बोलायचा साधा प्रोग्राम) पोर्ट 119 वर आधी कॅशला आणि मग कॅशच्याच मशीनवरून मूळ सर्व्हरला जोडून बघा. एक लक्षात ठेवा, टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा, म्हणजे एन्क्रिप्ट न होता जातो. एन्क्रिप्टेड जोडणीचं पोर्ट 563 असेल तर ओपनएसएसएलचा क्लायंट (openssl s_client) वापरा.

‘ऑथइन्फो यूजर’ (AUTHINFO USER) ही कमांड यूजरनेमसह दिल्यावर सर्व्हरकडून 381 हा उत्तराचा कोड आला तर पासवर्ड मागितला आहे. मग ‘ऑथइन्फो पास’ (AUTHINFO PASS) आणि पासवर्ड द्या. 281 म्हणजे आत घेतलं, 481 म्हणजे नाकारलं. 482 आला तर कमांडचा क्रम चुकलाय, 483 म्हणजे आधी एन्क्रिप्शन हवं. 480 ही चूक नव्हेच, ‘आधी लॉगिन करा’ एवढाच निरोप. 502 मात्र फसवा: जोडताक्षणीच आला तर तुमचा आयपी परवानगीच्या यादीत नसेल, आणि काही सर्व्हर जोडण्यांची मर्यादा संपल्यावरही हाच कोड देतात. तेव्हा पासवर्ड बदलून काहीच होत नाही.

हाताने 281 येतो पण कॅशला जमत नाही? कॉन्फिग फाइल तपासा. विंडोजवर लिहिलेली असेल तर ओळीच्या शेवटचं न दिसणारं अक्षर पासवर्डला चिकटतं. पासवर्डमधला हॅश (#) काही प्रोग्राम टिप्पणीची सुरुवात समजतात. शिवाय, कॅश ज्या यूजरने चालतो त्याला ती फाइल वाचता यायला हवी, इतरांना नको: फाइलची परवानगी 640 (मालकाला वाचणं-लिहिणं, गटाला फक्त वाचणं) पुरे.