आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर: कोणते घ्यावेत, कसे बसवावेत

गाडी उडीवरून उतरताना पोट जमिनीवर आपटतं, नाहीतर खडबडीत जागी चेंडूसारखी उसळते. अशा वेळी लगेच महागडे शॉक मागवू नका, आधी आहेत ते खोलून बघा. नुसती स्प्रिंग आणि आत तेलच नाही, असे निघाले तरच बदला. नवे घेताना जुन्या शॉकची पूर्ण उघडलेली आणि पूर्ण दाबलेली, अशा दोन्ही लांबी मोजा. नुसतं स्केल (१/१० वगैरे, म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान) बघून घेतलेले शॉक बऱ्याचदा बसत नाहीत.

खरी करामत तेल भरण्यात आहे. १/१० बगीसाठी ३५० सीएसटीच्या (सेंटिस्टोक, तेलाच्या दाटपणाचं माप) सिलिकॉन तेलापासून सुरुवात करा. ‘३० वेट’ वगैरे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून बाटलीवर सीएसटीच बघा.

शॉक उभा धरा, रॉड पूर्ण खाली ओढा आणि काठोकाठ तेल भरा. मग रॉड अगदी हळू वर-खाली करा. पिस्टनच्या छिद्रांतून बारीक बुडबुड्यांची माळ वर येताना दिसेल. घाई केलीत तर पिस्टन तेलाचा फेस करेल. दहा-पंधरा मिनिटं तसाच उभा ठेवा, कमी झालेलं तेल भरा, झाकण लावा. दाबल्यावर पचपच आवाज आला तर आत हवा राहिली आहे. पुन्हा उघडा, कंटाळा करू नका. डावा-उजवा शॉक एकत्र दाबून बघा, दोन्ही सारख्याच वेगाने जायला हवेत. रॉड मात्र कधीही पकडीने धरू नका. ओरखडा पडला की ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) कापली जाते आणि गळती सुरू होते.

आता बॅटरी आणि बॉडी चढवून गाडी वीतभर उंचीवरून सोडा. स्थिरावल्यावर मागचे आर्म (चाकांना गाडीशी जोडणारे दांडे) जमिनीला साधारण समांतर हवेत. नसतील तर कॉलर (शॉकवर स्प्रिंगला टेकलेली फिरती कडी) फिरवा. कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, असं अनेकांना वाटतं, पण त्याने फक्त उंची वाढते. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

मग फूटभरावरून सोडा. पोट जोरात आपटलं तर जाड तेल घाला. टाकल्यावर गाडी दोन-तीनदा उसळली तरीही तेच. लहान खड्ड्यांवर चाकं नाचत असतील, तर तेल पातळ करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.

मे महिन्याच्या उन्हात तेल पातळ होतं, तेव्हा मी ४०० सीएसटी भरतो. थंडीत पुन्हा ३५०.